नवस इथला इथंच

वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात जागोजाग आहेत. एकट्या पुणे जिल्ह्यात मावळातलं वडगाव, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव कांदळी; शहराने गिळलेली शेरी, बुद्रुक आणि खुर्द वेगळीच. कोल्हापूरकडे पेठ वडगाव, थेट बेळगावातही एक. मावळातलं तेवढं इतिहासात गेलं, कारण १७७९च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तिथे तह करायला लावला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी नोकरी झाली ती अशाच दोन वडगावांत. दोन्हीकडे पाटी तीच. दप्तरात घोटाळा नको म्हणून प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक असतो. राज्यातल्या सगळ्यांचा २७ने सुरू होतो. तालुक्याच्या स्पर्धेत कुणी विचारलं, “कुठलं रे वडगाव?” की तिसरीतलं पोर म्हणायचं, “आमचं!” त्याला तेवढं उत्तर पुरेसं वाटायचं.

हे पुरेसं का वाटावं? ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात राजा मिलिंद भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू सांगतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते व्यवहारापुरतं; त्या नावाआड वेगळं कुणी बसलेलं नाही. तो रथाचा दाखला देतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, जूही नव्हे. सगळं जुळून आलं की आपण रथ म्हणतो. (बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव दिलं. विचारणारा आणि सांगणारा, दोघांनाही विद्येच्या घरी जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप आहे.) या रीतीने शोधायला गेलं तर वडगावही हाती लागत नाही. माझ्या पहिल्या गावातला वड रस्तारुंदीत गेला, जुनी चावडी पडली, तरी गाव वडगावच.

वारकऱ्यांची श्रद्धा दुसऱ्या टोकाची. नाम आणि नामी एकच. हजार ठिकाणी घेतलं तरी नाम वाटलं जात नाही, कमी होत नाही. माझ्या दोन्ही गावांचं ग्रामदैवत भैरवनाथ. दोन्हीकडे यात्रा, दोन्हीकडे पालखी. एका आजींना मी विचारलं, “तिकडचा नाथ वेगळा का हो?” त्या म्हणाल्या, “देव एकच गुरुजी. पण नवस इथला इथंच फेडायचा.”

नागसेनाला आणि वारकऱ्याला मी त्या बोलण्यातून एकत्र वाचतो. नावाच्या आत काही सापडो न सापडो, नाव कितीही जणांत वाटून घेता येतं. देणं वाटून घेता येत नाही. ते ठरल्या जागीच फेडावं लागतं. त्या पोराचं ‘आमचं’ या देण्याघेण्यातून आलेलं होतं. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. सत्तरीचा शेतकरी नातवाच्या जातपडताळणीसाठी स्वतःच्या दाखल्याची नक्कल मागायला येतो, तेव्हा त्याला कुठल्याही वडगावची शाळा चालत नाही. ज्या शाळेत त्याच्या बापाने त्याला बोट धरून आणलं, तीच लागते. पिवळ्या पानावर स्वतःची नोंद दिसली की तो वहीला हात लावून नमस्कार करतो.

म्हणून २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढायचा विचार शासनाने मांडला, तेव्हा मला तो हिशेब पटला नाही. मोठ्या शाळेत मैदान असेल, प्रयोगशाळा असेल. मुलांना सोबती जास्त मिळतील, हे मी मानतो. पण आठ पोरं असली तरी पहिली ते चौथीची शाळा त्यांच्याच गावात भरावी, आणि तिथे शिक्षक पूर्ण वेळ असावा. समूहशाळेकडे नेणारी बस पाचवीपासून सुरू करा.