भिंतीवरचा पुढारी

बडोद्यातल्या वासण्याच्या एका सोसायटीला रस्त्याच्या बाजूने लांबलचक भिंत होती. तिच्यावर पिचकाऱ्या उडत, जाहिराती चिकटत. शेवटी कमिटीने ठरवलं, भिंत पांढरी करून तिच्यावर मोठं चित्र काढायचं. विषयही ठरला : आदर्श पुढारी. काम सोसायटीतच राहणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेकडे आलं. लहानमोठे सगळे त्यांना बाईच म्हणत.

चुन्याचे दोन हात झाले आणि वाद सुरू झाला. अध्यक्षांचं म्हणणं, सोसायटी उभी राहिली तेव्हापासून आपण तिच्यासाठी खपतोय, तेव्हा चित्रात आपणच हवं. रंगाचा खर्च उचलणारे शेठ म्हणत, पैसा नसता तर भिंत कोरीच राहिली असती. दोघांनीही आपापले फोटो बाईंकडे पाठवून दिले.

बाई कोणालाच नाही म्हणाल्या नाहीत. "अध्यक्षसाहेब, शेठ, आधी एक भिंत बघून येऊ," एवढंच म्हणाल्या, आणि दोघांना घेऊन कीर्ती मंदिरात गेल्या. सोसायटीतली पोरंही मागोमाग आली.

विश्वामित्रीच्या पुलाजवळची ही वास्तू बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधून घेतली. ती १९३६ मध्ये पुरी झाली. तिच्या भिंती रंगवायला महाराजांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज गेले, पण काम थांबलं नाही. नंदलालबाबू आपल्या शिष्यांना घेऊन येत राहिले आणि १९४६ पर्यंत चारही भिंती भरल्या.

"आता सांगा, या भिंतींवर कोणता राजा हत्तीवर बसलाय?" बाईंनी पोरांना विचारलं.

पोरांनी चारी बाजूंना शोधलं. एका भिंतीवर गंगा उतरत होती, दुसरीवर महाभारताचं युद्ध पेटलं होतं. तिसरीवर मीराबाईचं आयुष्य होतं. चौथीवर रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' या नाटकातली श्रीमती होती. राजवाड्यातली ही साधी नर्तकी, हुकूम झाला म्हणून नाचली, पण तो नाच तिने बुद्धाच्या पायी वाहिला आणि त्यापायी जीव दिला.

"बाई, घराणं राजाचं आणि भिंतीवर नर्तकी?" एका मुलीने विचारलं.

"महाराजांचं घराणं मोठं होतंच," बाई म्हणाल्या. "पण १८९२ मध्ये आजव्याच्या तलावाचं पाणी त्यांनी शहरात आणलं आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्याचं काम घरोघरी पोचलंय, त्याला भिंतीवर चेहरा कशाला लागतो?"

अध्यक्षांनी मान हलवली, शेठनीही हलवली. घरी परतल्यावर मात्र दोघांनी फोटो परत मागितले नाहीत. भिंत तशीच पांढरी राहिली.

मग पावसाळा आला. एका रात्री मुसळधार कोसळलं, आजवा भरून वाहू लागला आणि विश्वामित्री पात्राबाहेर आली. पहाटे सोसायटीच्या आवारात कमरेएवढं पाणी होतं. तळमजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना समोरच्या उंच इमारतीत हलवायला हवं होतं, पण पाण्यात उतरायला कोणी धजेना. विश्वामित्रीच्या पुराबरोबर मगरीही रस्त्यावर येतात, हे बडोद्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं.

तेव्हा अध्यक्ष काठी घेऊन पाण्यात उतरले. काठीने तळ चाचपत, उघडं गटार कुठे आहे ते बघत ते पुढे झाले. मागून शेठ उतरले, त्यांनी खाटेचा एक कोपरा खांद्यावर घेतला. ते बघून वॉचमन आला, दूधवाला आला, कॉलेजातला एक मुलगा आला. आजींची खाट कोरडीच्या कोरडी पलीकडे पोचली. त्यानंतर दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून तळमजल्यावरच्या प्रत्येक घरातली माणसं वर नेली. त्या दिवशी पुढारी कोण, असा प्रश्न कोणाच्या तोंडी आला नाही.

पाणी ओसरलं, चिखल निघाला, भिंत पुन्हा पांढरी झाली आणि बाईंनी कोळसा हातात घेतला. रेघा ओढता ओढता त्या पोरांना फिलिपिन्स देशाची गोष्ट सांगू लागल्या. तिथल्या खेड्यांत एखाद्याला घर हलवायचं असलं, की शेजारी गोळा होत. बांबू आणि झावळ्यांचं ते घर खालून बांबू घालून अख्खं उचलत आणि खांद्यावरून नव्या जागी नेत. मोबदला म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं जेवण. तिथले चित्रकार हा देखावा पुन्हा पुन्हा रंगवत आले आहेत.

"त्यांच्या चित्रात पुढारी कोणता, बाई?"

"घराखाली बघ, सापडेल," बाई म्हणाल्या.

चित्र पुरं झालं, तेव्हा सगळी सोसायटी बघायला जमली. भिंतीवर पूर होता, पुरातून चाललेली खाट होती, खाटेखाली खांदे होते. बहुतेक माणसं पाठमोरी होती. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत खोल पाण्यात, काठीने वाट शोधणारा एक माणूस होता.

अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. "बाई, तो माझा फोटो परत द्या," ते म्हणाले. "त्याची आता गरज नाही."

"माझाही द्या," शेठ म्हणाले. "आणि खाली रंगाचा खर्च कोणी दिला, ते लिहू नका."

त्या भिंतीवर पुन्हा कोणी जाहिरात चिकटवली नाही. चिकटवायला आलेल्याला पोरंच अडवत, कारण त्या खांद्यांमध्ये प्रत्येकाला आपल्या घरचा एक खांदा ओळखू येत होता.

तात्पर्य : जो खोल पाण्यात आधी पाय टाकतो आणि ओझ्याला स्वतःचा खांदा देतो, तोच खरा पुढारी. त्याला आपला चेहरा मिरवावा लागत नाही.