पुलावरच्या काट्या

पूस नदीवर पुसदजवळ १९७१ साली धरण झालं. मग १९८३ साली खालचं, निम्न पूस. कॅनल महागावकडच्या आमच्या शिवारातून गेला आणि बाबांच्या वावराचे दोन तुकडे झाले. विहीर अलीकडे, पऱ्हाटीची चांगली काळी जमीन पलीकडे. म्हणून गाडीवाटेवर एक पूल बांधून मिळाला. एक बैलबंडी जाईल एवढाच. पण बाबा त्याला ‘आपला पूल’ म्हणत.

त्यात खोटं काय होतं? वावर आमचं गेलं, म्हणून पूल आला. इंग्लंडात अठराव्या शतकात कालवे खणले, तेव्हा शेतं कापली गेलेल्यांना कंपन्यांनी असेच लहान पूल बांधून दिले. तो उपकार नव्हे, नुकसानीची भरपाई. ज्याची भरपाई, त्याचा पूल, असा बाबांचा सरळ हिशेब.

पण आमच्या वावरापलीकडे आणखी एक वावर होतं. त्या काकांची बंडी कॅनल यायच्या आधीपासून आमच्या धुऱ्यावरून जायची, मग पुलावरून जाऊ लागली. एका साली धुऱ्यावरच्या बाभळीवरून दोघांचं बिनसलं. बाबांनी बाभूळच तोडली आणि मला म्हणाले, “काट्या पुलाच्या पलीकडच्या तोंडावर टाक. पाहू कसा येते तो!”

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. काट्या ओढत होतो, तेवढ्यात काकांची बंडी आली, कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली. ते खाली उतरले. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी माझा हात पाहिला, रक्त आलेलं. काटा काढला आणि म्हणाले, “अशी नाई धरत बाप्पा. बुडखा तुह्याकडं ठेव, शेंडा तिकडं. हाताले लागत नाई.” मग बैल वळवले आणि सडकेच्या पुलाचा लांबचा फेरा घेऊन अंधारात घरी गेले.

अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. तहसीलदाराकडे अर्ज केला असता तर काट्या निघाल्या असत्या. ते गेले नाहीत. चार-सहा दिवसांनी काट्या मीच बाजूला सारल्या. बाबांनी पाहिलं, बोलले काहीच नाहीत.

बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हिशेबात फक्त एक रक्कम धरायची राहिली होती. कॅनलनं वावर आमचंच कापलं, पण वाट दोघांची कापली. ज्याचं वावर गेलं, त्याचं नाव कागदावर आलं. ज्याची वाट गेली, त्याचं कुठंच आलं नाही. मग पूल भरपाई असेल, तर ती दोघांची होती. कागदावर नसलेलं दुसऱ्याचं नुकसान आपल्या हिशेबात धरायचं की नाही, हे कोणताच कायदा सांगत नाही. ते ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं.

आता बाबा नाहीत, काका नाहीत. यंदा पुलाच्या दोन्ही तोंडांना खड्डे पडले, म्हणून काकांच्या पोरानं आणि मी मिळून मुरूम टाकला. घमेलं उचलता उचलता मी त्याला काट्यांची गोष्ट सांगितली. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. म्हणाला, “आमचे बाबा तर कधीच बोलले नाई.”

मी घमेलं भरून घेतलं. दुसरं काय करणार?