न दिसलेला धाविक

आंध्रातल्या कडप्पा भागातला जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर पक्षीशास्त्रज्ञांना दिसला नाही, तेव्हा तो मेलेल्यांत जमा झाला. १९८६ साली जिवंत सापडला. काटेरी झुडपांतून रात्री पायी हिंडणारा पक्षी दिवसाउजेडी धुंडाळला तर दिसणार कसा? भारतीय तत्त्वज्ञानातले भाट्ट मीमांसक याच अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानतात. पण अट घालतात, की वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. भर उजेडात जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान झालं. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही, हे फक्त अंधाराचं वर्णन. धाविक शोधायला जाऊन एका दिवसाच्या सहलीहून रिकामं परतणाऱ्याची गत या दुसऱ्या प्रकारची.

मग ‘दिसला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे’ ही सवलत भुतांनाही द्यायची का? आक्षेप रास्त आहे. पण धाविकासाठी संशोधकांनी झुडपांमध्ये बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि त्यांवर तीन बोटांचे ठसे शोधले. पक्षी असेल तर काय उमटेल, हे आधीच सांगता येत होतं. भुताचा कैवारी ठसा नसला की भूत तरंगत गेलं म्हणतो (पावलं उलटी असतात, हेही तोच सांगतो!). ईश्वराचं प्रकरण आणखी अवघड: पट्टा कुठे अंथरायचा यावर आस्तिकांतच एकमत नाही, म्हणून नास्तिकाचं ‘दिसत नाही’ तिथे अपुरं पडतं.