परिचारकाचे भय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार चार गुण तेथे मोजून दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत रुग्णाविषयीचा अनुराग येतो. रोग्याच्या गुणांत अभीरुत्व, म्हणजे निर्भयपणा, येतो. हे दोन्ही गुण परस्परांना पोषकच असणार असे वाचताना सहज वाटते. परंतु हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाच्या घरी चार महिने काढले, तेव्हा एकाचा अनुराग दुसऱ्याचे अभीरुत्व कसे हिरावून घेतो, हे मला पाहावयास मिळाले.

माझे थोरले बंधू इस्पितळातून घरी परतले, तेव्हा वहिनींनी लावलेल्या व्यवस्थेत नाव ठेवण्यास जागा नव्हती. गोळ्यांच्या वेळा, कमी मिठाची भाजी, भेटीस येणाऱ्यांचा बंदोबस्त, सारे चोख. डॉक्टरांनी रोज थोडे थोडे चालणे वाढवण्यास सांगितले होते. पण बंधू चपला पायांत सरकवू लागले की वहिनी दारात येऊन उभ्या राहत, कोथिंबिरीच्या जुडीपुरती पिशवीसुद्धा त्यांच्या हातून काढून घेत, आणि न्हाणीघराची कडी आतून लावावयाची नाही हा हुकूम तर त्या साठीच्या मानी गृहस्थास सर्वांत जड गेला. रात्री वहिनी त्यांचा श्वास ऐकत जाग्या राहत, आणि त्या ऐकत आहेत हे ठाऊक असल्यामुळे बंधूंनाही झोप येत नसे. ती प्रेमाची नजरकैद होती, आणि दोघेही तिच्यात होते.

या भयास प्रेम म्हणावे की मोह? गीतेचा आरंभ आप्तांविषयीच्या करुणेने गात्रे गळालेल्या वीरापासून होतो, आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपला मोह नाहीसा झाल्याची कबुली तोच देतो. त्याची करुणा खोटी होती असे मला वाटत नाही. आपण काय गमावणार एवढेच तिला दिसत होते, हा तिचा दोष. वहिनींचेही तसेच झाले होते. परंतु मोह जावा कशाने? उपदेशाने जावयाचा असता तर डॉक्टरांनी त्यांना तीनदा समजावले होते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात टेलर, बांडुरा आदी संशोधकांनी केलेला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग या ठिकाणी मला फार मोलाचा वाटतो. झटक्यानंतर सुमारे ३ आठवड्यांनी ३० पुरुषांची सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. त्यांच्या पत्नींपैकी १० जणी बाहेर थांबल्या, १० जणींनी तपासणी डोळ्यांनी पाहिली, आणि उरलेल्या १० जणी ती पाहून, पतीने जो भार सोसला त्याच भारावर, ३ मिनिटे स्वतः चालल्या. पतीच्या हृदयाच्या सामर्थ्यावरील विश्वास ठळकपणे वाढला तो या चाललेल्यांचाच. शब्द आणि प्रत्यक्ष या प्रमाणांची मीमांसा आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके केली. येथे दुसऱ्याचे श्रम आपल्या पायांनी जाणण्याचा प्रकार आहे, आणि पत्नीस सहधर्मचारिणी म्हणताना त्यातील चरणाचा अर्थ आपण किती सैल धरतो, हेही तो दाखवून देतो. कुटुंबाने रुग्णावर पहारा ठेवणे निराळे आणि त्याच्या आचरणात उतरणे निराळे. घरात एकट्याच्याच ताटात बेचव भाजी पडली तर ती शिक्षा होते. सर्वांच्या ताटात पडली तर ते त्या घरचे जेवण होते.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी मुभा दिल्यावर आम्ही तिघे पर्वतीवर गेलो. पायऱ्या १०३. साठाव्या पायरीच्या सुमारास धाप लागली ती वहिनींना. त्या कठड्याशी बसल्या, आणि बंधू त्यांची पिशवी हातात घेऊन, घाई न करता, शेजारी उभे राहिले. बराच वेळ वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराची कडी आतून लागल्याचा आवाज मी ऐकला. वहिनी स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.