आणखी एक हंगाम

मननासाठी शास्त्रपाठ : लूक १३:६-९



हस्ताचा पाऊस पडून गेला, किंवा न पडताच गेला, म्हणजे आपल्या देशावरच्या गावांत आकाश निरभ्र होते आणि ऊन असे तापू लागते की जणू वैशाखच परत आला. या दिवसांत घरामागील परसाकडे पाहिले असता मन खिन्न होते. मांडवावर चढलेली दोडक्याची वेल बुडाकडून पिवळी पडत येते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या होतात. वांग्याचे शेंडे अळीने मान टाकतात. पावसाने चोपून बसलेली काळी जमीन सुकून भेगाळते. तेव्हा घरधनी म्हणतो, "झाले! आता पुढल्या मृगापर्यंत परसात काही नाही." असे म्हणून तो कुंपणाची काटी बाजूस सारतो व शेळ्यांस वाट मोकळी करून देतो.

परंतु जाणत्या माळ्यास ठाऊक असते की, भाजीपाल्याचा उत्तम हंगाम संपलेला नसून आता कोठे सुरू व्हावयाचा आहे. पुढे थंडी आहे, दव आहे, जमिनीच्या पोटात थोडीबहुत ओल आहे. मात्र हा हंगाम आपोआप येत नाही. त्यास हात लावावा लागतो. रोगट झाडे मुळासकट काढून परसाबाहेर न्यावी. कुदळीने वीतभर खोल खणून ढेकळे आठवडाभर उन्हात तापू द्यावी. जे ऊन आपणांस वैरी वाटते तेच मातीत दडलेल्या किडींची अंडी व कोष मारते. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये, कारण त्याने कोवळी मुळे जळतात व हुमणीही येते. नंतर लहान वाफे करून मेथी, पालक व मुळा पेरावा. धणे हलके रगडून दोन करावे, कारण एका धण्याच्या पोटी दोन बीजे असतात. ते रात्रभर भिजवून पेरावे. लसणाची पाकळी बूड खाली करून चार-चार बोटांवर लावावी. कोवळ्या रोपांवर दुपारी कडब्याची सावली करावी, आणि त्यांच्या बुडाशी उसाचे पाचट किंवा वाळका पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. पाणी सकाळी अथवा सांजवेळी घालावे. भांडी धुतल्याचे पाणी वाफ्याकडे वळवावे. ज्या माउलीने ते दुरून डोक्यावर आणले तिच्या श्रमाचा थेंबही वाया जाऊ नये. ज्यांस परस नाही त्यांनी फुटक्या घमेल्यात चार दाणे टाकावे. मेथी महिनाभरात हाती येते, मुळा दीड महिन्यात.

या विषयी आम्ही आमचीच एक चूक सांगतो. एके वर्षी याच दिवसांत आमच्या परसातील दहा-बारा वांगी किडली. आम्ही संतापून ती उपटली व उकिरड्यावर टाकली. शेजारच्या वृद्ध आजीबाईंची वांगीही तशीच होती. त्यांनी कोयत्याने वीतभर बुडखे ठेवून वरचा भाग छाटला, किडके शेंडे जाळले, बुडाभोवती माती हलविली, पाटीभर खत घातले आणि रोज सांडपाणी दिले. दोन-तीन आठवड्यांत बुडख्यांस नवी फूट आली, आणि नाताळाच्या जेवणास त्याच झाडांची वांगी त्यांनी आमच्या घरी पाठविली. आम्ही आश्चर्य दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाळकबाबा, उपटायला काय, एक घटका लागती. पर मूळ जित्तं होतं का मेलं, ते खणून बघितलं होतं का?"

आजीबाई वांग्यांविषयीच बोलत होत्या. आमच्या कानी मात्र दुसरेच पडले. त्याच पावसाळ्यात आम्ही मंडळीच्या पटावरून एका तरुणाचे नाव काढले होते. तो दारू पिऊ लागला होता, उपासनेस येत नव्हता, आणि पंचांनी विचारले असता उर्मट बोलला होता. त्याच्या घरी आम्ही एकदाच गेलो होतो, तेही उभ्याउभ्या. आम्ही खणून पाहिले नव्हते.

आता प्रभूने सांगितलेल्या दाखल्याकडे पाहा. धनी तीन वर्षे अंजिराच्या झाडापाशी फळ शोधीत आला व रिकाम्या हाती परत गेला. माळी त्याच्याशी वाद घालीत नाही. झाड चांगले आहे, धन्याने चुकीचे मोजले, असे तो म्हणत नाही. तो एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या मुदतीबरोबर स्वतःचे श्रम देऊ करतो : आपण त्याच्याभोवती खणू व खत घालू, असे त्याचे म्हणणे आहे. बंधूंनो, जी दया नुसती "राहू द्या" म्हणते ती आळसाची बहीण आहे. माळ्याच्या दयेच्या हाती कुदळ आहे.

ही रीत आपणांस परकी नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातील पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील बागाईतदार पावसाळ्यात पिकणाऱ्या फळास खट्टा बहार व उन्हाळ्यात पिकणाऱ्या फळास मीठा बहार म्हणतात. त्या मीठ्या बहारासाठी पाऊस सरतानाच झाडाची छाटणी होते, बुडाशी माती उकरून खत घालतात व मग पाणी सोडतात. अंजिराचे फळ नव्या फुटीवर धरते. दाखल्यातील माळ्याचे शब्द तेथील कोणत्याही शेतकऱ्यास कामाच्या यादीसारखे वाटतील.

तथापि आपण स्वतःस फसवू नये. दाखल्यात कुऱ्हाड फेकून दिलेली नाही. मुदत एक वर्षाची आहे. नंतरही फळ न आल्यास झाड तोडावे, हे माळ्यानेही मान्य केले आहे. ज्याच्याभोवती खणले जात आहे त्याने हे ध्यानात ठेवावे. कुदळीचा घाव मुळाजवळ बसतो तेव्हा तो दुखतो. परंतु तो तोडण्याचा घाव नव्हे. आणि त्या झाडास पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. त्याचे उत्तर ऐकणाऱ्यांनी आपल्या आयुष्याने द्यावयाचे आहे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकी कित्येकांस वाटत असेल की, आम्ही पुष्कळ पेरले व सारे करपले. विल्यम केरी यांचे स्मरण करा. त्यांनी आपल्या मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला. १८१२ साली त्यांचा छापखाना जळाला. मोठ्या आवडीने वाढविलेल्या त्यांच्या बागेची १८२३ साली पुराने नासाडी केली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. छापखाना पुन्हा उभा राहिला व बागही पुन्हा लावली गेली.

त्या तरुणाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. नाताळानंतरच्या सोमवारी आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि या वेळी बसलो. तो बोलला नाही. चौथ्या भेटीस त्याने प्यावयास पाणी दिले, आणि सावकाराचे देणे व दगावलेले मूल यांविषयी सांगितले. ते आम्हांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. आज तो दाराजवळ बसतो. एका रविवारी येतो, दुसऱ्या रविवारी येत नाही. फळ थोडे आहे, परंतु मूळ जिवंत आहे. त्याचे नाव पटावर परत लिहिले आहे.

म्हणून प्रियांनो, या आठवड्यात दोन कामे करा. परसातील एक वाफा खणा; आणि ज्या घराचा तुम्ही नाद सोडला आहे अशा एका घरी जाऊन बसा. वाफ्यास रोज पाणी लागते, तसे त्या घरासही एक भेट पुरणार नाही.

हे प्रभू, तू आम्हांभोवती किती वर्षे खणलेस हे आम्हांस आठवू दे. आमच्या हातातील कुऱ्हाड काढून घे व कुदळ दे. आमेन.