पक्षपात आणि अंतःकरणाचा हेतु

(वाचण्याचा शास्त्रभाग: याकोब २:१-४)



याकोबानें आपल्या पत्रांत एका सभेचें चित्र काढिलें आहे. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आंत येतो, त्यास मानाची जागा मिळते. मळक्या वस्त्रांचा गरीब येतो, त्यास पायांपाशीं बसवितात. अंतःकरण कोणीं पाहिलें नाहीं. वस्त्र पाहिलें आणि निवाडा झाला. हा दोष बाजारांतहि आढळतो, ह्याची एक साक्ष आम्ही आज आपणांपुढें ठेवितों.

अमेरिकेंत १९६४ सालीं असा कायदा झाला कीं, वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश ह्यांवरून धन्यानें नोकरींत भेद करूं नये. त्याच्या अंमलासाठीं समान रोजगार संधी आयोग नेमण्यांत आला. ज्यास अन्याय झाला असें वाटतें तो आयोगाकडे तक्रार करितो. तींत तथ्य दिसल्यास आयोग समेटाचा यत्न करितो, आणि समेट न झाल्यास स्वतः फिर्याद करूं शकतो.

२००८ सालीं ओक्लाहोमा राज्यांतील टल्सा शहरीं सतरा वर्षांची एक मुसलमान मुलगी ॲबरक्रॉम्बी अँड फिच ह्या कंपनीच्या कपड्यांच्या दुकानांत नोकरी मागावयास गेली. तिच्या डोक्यास रुमाल होता. मुलाखत घेणारीनें तिला लायक ठरविलें. परंतु नोकरांनीं कसें दिसावें ह्याविषयीं कंपनीचे नियम होते, व त्यांत टोपी मना होती. हा रुमाल ती धर्मासाठीं घालीत असावी, असें वरच्या अधिकाऱ्यास सांगितलें. तरी त्यानें तिला घेऊं दिलें नाहीं.

आयोगानें तिच्या वतीनें फिर्याद केली. कंपनीची सबब अशी कीं, तिनें सवलत मागितली नाहीं. मग आम्हांस निश्चित कसें कळावें? शिवाय आमचा नियम सर्वांस सारखाच आहे. २०१३ सालीं अपिलाच्या न्यायालयांत कंपनीची सरशी झाली. परंतु १ जून २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं तो निकाल फिरविला. न्यायाधीश स्कालिया ह्यांनीं लिहिलेल्या निकालाचा आशय असा: धन्यास निश्चित ठाऊक होतें कीं नाहीं, हा प्रश्न नव्हे, तिच्या धर्माचरणास वाट द्यावी लागूं नये ह्या हेतूनें तिला नाकारिलें काय, हा प्रश्न आहे. पुढें कंपनीनें तिला २५,६७० डॉलर भरपाई दिली. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. तथापि कित्येक ख्रिस्ती संस्थांनीं तिच्या बाजूनें न्यायालयांत लेखी म्हणणें मांडिलें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

प्रियहो, “मला ठाऊक नव्हतें” ही सबब फार जुनी आहे. वाटेंत घायाळ पडलेल्या मनुष्यास टाळून पलीकडून जाणारा याजकहि कदाचित् तीच सांगता. पण देव हेतूची झडती घेतो. आणि येथें तर मनुष्यांच्या न्यायालयानेंहि हेतूच विचारिला.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस दुकानाच्या पायरीखालीं उभें राहून, वरून टाकिलेला माल पदरांत झेलावा लागे. ती रीतच आहे, असें पायरीवर बसलेले म्हणत. आज आम्ही शेतावर मजूर लावितों, दुकानांत पोरगा ठेवितों, शाळेंत बाई नेमितों. त्या वेळीं कोणाचें आडनांव, कोणाचा पोशाख, कोणाची वस्ती पाहून आम्ही त्यास माघारीं लावितों काय? सबब सांगण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावें: माझा हेतु काय होता?

एका मुलीच्या वतीनें तेथें सरकारी आयोग उभा राहिला. आपल्या गांवांत ज्या मजुराचें ऐकावयास कोणी नाहीं, त्याच्या वतीनें आपली मंडळी उभी राहील काय? येत्या रविवारीं प्रार्थनेस बसतांना ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक मंडळीनें द्यावें.