अंतर आणि सबब

जयपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ९१० किलोमीटर. सांगानेरहून उडालेले विमान पावणेदोन-दोन तासांत मुंबईस उतरते. आगगाडी सवाई माधोपूर, कोटा, रतलाम, बडोदे असा वळसा घेऊन हाच प्रवास सतरा-अठरा तासांत करते. पुढे चिपळूणपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरांत मात्र विमानाने आलेला आणि गाडीने आलेला हे दोघेही सारखेच. तेवढी वाट आधीच्या ९१० किलोमीटरांहून अधिक वेळ घेते.

हा हिशेब मी गेल्या वर्षी एका रात्री केला. आई अंगणात घसरून पडल्याचा दादाचा फोन आला होता. "येण्याची घाई नको," असे तो म्हणाला. विमानाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो असतो. गाडीने तिसऱ्या दिवशी. मजसारख्या कारकुनास नियमाने विमानप्रवासाचा अधिकार नाही, आणि पदरच्या पैशाने जावे तर मुलाची सहामाहीची फी डोळ्यांपुढे उभी राहते. मी गाडीने गेलो. मधल्या दिवशी आईच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. आत नेण्यापूर्वी तिने दोनदा दाराकडे पाहिले, हे दादा सहज बोलून गेला.

माझे वडील दिल्लीस नोकरीला होते. आजोबांच्या आजाराची तार मिळून ते घरी पोचेपर्यंत सारे उरकले होते. त्यांना कोणीही बोल लावला नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. माझ्यापुढे ती होती, आणि मी तिची किंमत करून ती सोडली. ऐपतीपलीकडचे कर्तव्य कोणावर लादता येत नाही, हे मला मान्य आहे. त्या रात्रीचा निर्णय चुकला असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु मग 'लांब होते' असे न म्हणता 'महाग होते' असे म्हणावयास हवे. आपण परमुलखातले नोकरदार हा दुसरा शब्द सहसा उच्चारीत नाही. पहिला अधिक सभ्य वाटतो.

येथील जंतरमंतरात सवाई जयसिंहाचे सम्राट यंत्र आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेस; म्हणून यंत्रावरील सावलीची वेळ आपल्या घड्याळाच्या सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असते, आणि तरी दोन्ही वेळा खऱ्याच. आईचे मापही असेच जुने व खरे आहे. ते वडिलांच्या प्रवासावरून ठरलेले. त्या मापाने मी लवकर आलो होतो. ती क्षमा माझ्या वाट्याची नव्हती, तरी मी ती घेतली.

शेजारच्या काकू समाचाराला आल्या, तेव्हा आई कौतुकाने सांगत होती, "जयपूर काय जवळ आहे थोडे? तरी दोन दिवसांत आला हो!" काकूंचा मुलगा मुंबईस नोकरी करतो. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो, लांबच पडते."